पाठ माझी, खांदा वन्संचा

माझी पाठ नोकरीत असतानाच दुखायला लागली होती. मी सरकारी कचेरीत टंकलेखिका म्हणून लागले आणि वरिष्ठ कारकून म्हणून निवृत्त झाले, म्हणजे सगळी नोकरी खुर्चीतच गेली. सुरुवातीला दुखणं संध्याकाळी यायचं आणि रात्री झोपलं की जायचं. पुढे ते सकाळीही सोबत उठायला लागलं. घरी बसल्यावर आराम पडेल असं सगळे म्हणाले, मलाही तसंच वाटलं होतं. झालं उलटंच. उजव्या कमरेपासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत एक कळ उतरायची. ती उतरली की बसवायचं नाही आणि उभंही राहवायचं नाही. मग मी पलंगाच्या कडेला एक गुडघा टेकवून, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून उभी राहायचे. समोरच्या इमारतीतल्या लोकांना मी तासन्‌तास रस्ता बघणारी बाई वाटत असणार.

दुखणं जुनं झालं की माणसं त्याबद्दल विचारायचं थांबवतात. त्यात त्यांची चूक नाही. आपणही सांगायचं थांबवतो आणि गुपचूप एकेक गोष्ट सोडत जातो. मी आधी जमिनीवर बसणं सोडलं, मग पंगतीला जाणं, मग लांबचा प्रवास. पुरणपोळ्या विकत आणायला लागले. प्रत्येक गोष्ट सोडताना ती आपल्याला तशीही फारशी आवडत नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे.

ब्राह्मणपाऱ्यातलं, म्हणजे छत्तीसगढातल्या आमच्या शहराच्या जुन्या वस्तीतलं, सासरचं घर वाटण्या होऊन विकलं गेलं, तेव्हा आम्ही तेलीबांध्याकडे फ्लॅट घेतला. तिथे राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत हे गेले. मुलगा पुण्यात असतो. घरात राहिलो मी आणि माझी नणंद. ही यांची धाकटी बहीण, पण वयानं माझ्याहून मोठी. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. अजूनही त्या बाजारात दिसल्या तर नातवंडं असलेल्या बायका आपोआप ताठ उभ्या राहतात. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. आमचं कधी भांडण झालं नाही. गप्पाही फारशा झाल्या नाहीत. मध्ये हे होते, त्यामुळे त्याची गरज पडली नसावी.

त्या सुमारास स्वयंपाकघरात एक गोष्ट चालू होती, ती सांगायला हवी. मला वाकता येत नसे, म्हणून डाळ, साखर, पोहे असे रोजचे डबे मी ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवत असे. एक दिवस ते सगळे ओट्याखालच्या कप्प्यात गेलेले दिसले. मी ते पुन्हा वर ठेवले. दोन दिवसांनी पुन्हा खाली. मी वर ठेवत राहिले, त्या खाली ठेवत राहिल्या, आणि दोघींपैकी कोणीच त्याबद्दल अक्षर काढलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर वन्संना कुठेतरी शिस्त लावायला जागा हवी आहे, असा मी निष्कर्ष काढला होता. डाळ काढायला खाली वाकले की कळ यायची आणि त्यांचा थोडा रागही यायचा.

हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं की मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या आहेत, पण वयाच्या मानानं चालण्यासारखं आहे, ऑपरेशन करण्याची गरज नाही. गोळ्यांनी पोटात आग पडायची. शेक, पट्टा, मशीनचा करंट, सगळं झालं. करंट देणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी शेवटी म्हणाली, "आंटी, मशीन से जितना होना था हो गया. अब आपको खुद करना पड़ेगा." ती सकाळी वयस्कर लोकांसाठी पिलाटीजचा वर्ग घ्यायची, त्यात तिनं मला बोलावलं. मुलगी मराठीच होती. आजोबा रेल्वेत म्हणून घराणं गोंदियाकडून इकडे आलेलं. मी मराठीत बोलायचे, तिला सगळं समजायचं, आणि उत्तर हिंदीत यायचं.

"पिलाटीज म्हणजे काय?" वन्संनी घरी विचारलं.

"व्यायाम आहे म्हणते. पाठीचा."

"व्यायामाले असं नाव कोण ठेवते?"

पण मी एकटी ऑटोत चढू-उतरू शकत नसे, त्यामुळे त्या सोबत आल्या.

वर्ग तलावाजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. गुडघे दुखणारे एक निवृत्त बँक अधिकारी, पूर्वी नर्स असलेल्या एक छत्तीसगढी बाई, त्या प्रत्येक सूचनेला "हव", म्हणजे हो, म्हणायच्या, आणि आणखी दोघी-तिघी. कोपऱ्यात स्प्रिंगा लावलेलं, सरकणारं एक बाकडं होतं. ते बघून मी घाबरले होते, पण आमचं काम जमिनीवरच होतं. पहिल्या दिवशी आम्ही अर्धा वेळ नुसता श्वास घेतला. उताणं झोपायचं, गुडघे वर, तळपाय टेकलेले. हाताचे पंजे बरगड्यांवर. श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना उघडल्या पाहिजेत. सोडताना त्या मिटल्या पाहिजेत आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत गेलं पाहिजे. मग कंबर जमिनीकडे किंचित दाबायची, किंचित सोडायची. हालचाल इतकी लहान की बाहेरून बघणाऱ्याला आम्ही झोपलो आहोत असंच वाटेल.

बाहेरून बघणाऱ्या वन्सं होत्या. भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाठ न टेकता. घरी येताना ऑटोत म्हणाल्या, "एवढंसं तर मी पोट्ट्यायले शिक्षा म्हणूनही दिलं नसतं."

मला स्वतःलाही फार आशा नव्हती. पण मी जात राहिले, कारण तिथे कोणी मला काही सोडायला सांगत नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक डॉक्टरनं वाकू नका, उचलू नका, बसू नका असंच सांगितलं होतं. ही मुलगी म्हणायची, थोडं वाका, किती जमतं ते बघा. तिचा एक नियम होता, तो मी अजून पाळते. व्यायामानं दुखणं थोडं चढलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते जागेवर आलं तर ठीक. नाही आलं, तर आपण जास्त केलं, पुढच्या वेळी कमी करायचं. "दर्द हो रहा है मतलब कुछ टूट रहा है, ऐसा हर बार नहीं होता, आंटी." हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कळ आली की मी आत काहीतरी तुटतं आहे असं समजून सगळं अंग आवळून धरायचे, आणि आवळल्यानं ते आणखी दुखायचं.

वन्संना खुर्चीत गप्प बसणं जमेना. आधी त्या नुसत्या बघायच्या. मग हळूच बोलायला लागल्या. मग एक दिवस त्यांचा शाळेतला आवाज निघाला. "ओ साहेब, घुटने सीधे! घुटने!" बँकेतले अधिकारी दचकले आणि त्यांचा पाय खरंच सरळ झाला. नर्सबाईंनी "हव" म्हटलं. त्या मुलीला राग आला नाही. हसून ती म्हणाली, "मैम, आप इतना अच्छा जानती हैं, एक बार सबको करके दिखा दीजिए ना." भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि दोन्ही हात भिंतीला घासत वर न्यायचे, एवढंच करून दाखवायचं होतं.

वन्सं उठल्या, पदर खोचला, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात वर गेला. उजवा खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. खांदा कानाकडे उचलला गेला, कंबर वाकडी झाली, पण हात तिथून पुढे गेला नाही. वन्सं म्हणाल्या, "आज कसर आहे अंगात," आणि चपला घालून खाली निघून गेल्या.

ऑटोत त्या बाहेर बघत होत्या. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "तुम्ही जा वहिनी, मले काम आहे." त्यांना काही काम नव्हतं. मी एकटी गेले. ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं, दांडा धरला आणि चढले. तेव्हा कळलं की मला एकटीला जमतं आहे. कदाचित आधीपासूनच जमत असावं.

त्या आठवड्यात मला बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागत गेला. वन्संचा लांब शेपटा होता. तो एका उन्हाळ्यात त्यांनी कापून टाकला होता. घाम येतो म्हणाल्या होत्या. मागून बांधायच्या पोलक्याऐवजी पुढून बटणांचं पोलकं शिवून घेतलं होतं. पंख्याची पाती पुसायची तर बाई बोलावत होत्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. आपल्या दुखण्यात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं दिसत नाही, असं म्हणता येईल, पण मला ते दिसत होतं. मी त्याला वेगळी नावं देऊन ठेवली होती.

एका दुपारी मी चहा टाकला आणि त्यांना विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"काय?"

"हात."

त्यांनी कप डाव्या हातानं उचलला. "दादा गेल्यावरच्या उन्हाळ्यात. कूलरमध्ये पाणी भरून राहिली होती. बादली वर उचलली अन् आत काहीतरी चटकलं."

"सांगितलं काहून नाही?"

"तुमची पाठ होती ना आधीच. एका घरात किती दुखणी ठेवाची?"

मी साखरेच्या डब्याकडे पाहिलं. तो त्या दिवशी ओट्याखाली होता. "म्हणून डबे खाली ठेवत होत्या?"

"मग? उजवा हात वर जात नाही, अन् एका हातानं भरला डबा उतरत नाही." त्यांनीही डब्याकडे पाहिलं. "अन् तुम्ही काहून वर ठेवून राहिल्या होत्या?"

"मले वाकता येत नाही."

वन्संनी कप खाली ठेवला. "मले वाटलं, तुम्ही मुद्दाम करता."

"मलेही तसंच वाटलं."

त्या हसल्या नाहीत, मीही नाही. चहा संपल्यावर आम्ही डबे ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, ओळीनं लावले. जागा अडली, पण दोघींचा हात पोचत होता. इतकी साधी जागा आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण आधी कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग त्यांना डॉक्टरांकडे नेलं. खांदा आखडला आहे, खूप उशीर केला, पण हलवला तर सुटेल, पूर्ण सुटेलच असं नाही, असं ते म्हणाले आणि त्याच मुलीकडे पाठवलं. वन्सं वर्गात परत आल्या, या वेळी सतरंजीवर. नर्सबाईंनी त्यांच्यासाठी आपल्या शेजारी जागा करून दिली. त्या भिंतीच्या प्रसंगाचा कोणीही विषय काढला नाही.

सगळ्यांना वाटलं होतं वन्सं पटकन शिकतील. तसं झालं नाही. आयुष्यभर त्यांनी छाती पुढे, खांदे मागे, श्वास रोखून उभं राहणंच शिकवलं होतं आणि स्वतः केलं होतं. उताणं झोपल्यावरही त्या सावधानमध्येच असायच्या. बरगड्या वर उचललेल्या, मान ताठ, जबडा मिटलेला. "मैम, सांस मत रोकिए," ती मुलगी पुन्हा पुन्हा सांगायची. "रोकलेला नाही," वन्सं दात मिटूनच म्हणायच्या.

एक दिवस त्या मुलीनं आम्हाला जोडीजोडीनं बसवलं. वन्संना स्टुलावर, मला त्यांच्या मागे. म्हणाली, दोन्ही हात यांच्या बरगड्यांवर ठेवा, श्वास कुठे जातो ते बघा. मी हात ठेवले. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकींना कधी असं धरलं नव्हतं. सणाला मी त्यांच्या पाया पडले असेन, हे गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. तेवढंच. पोलक्याखाली त्यांची हाडं माझ्या अंदाजापेक्षा बारीक लागली. हलत काहीच नव्हतं.

"हात गार आहेत तुमचे," वन्सं म्हणाल्या.

"श्वास घ्या."

"घेतला."

"मले कळला नाही. पुन्हा घ्या. माझे हात ढकला."

बऱ्याच वेळानं डाव्या तळव्याखाली थोडं काहीतरी सरकलं. उजवीकडे नाही. "सोडा आता," मी म्हटलं, "सगळा सोडा." त्यांनी सोडला. त्याबरोबर त्यांचे खांदे खाली आले. खाली म्हणजे बोटभर असतील, पण माझ्या तोंडासमोरच त्यांची मान होती आणि ती लांब झालेली मला दिसली. ती मुलगी म्हणाली, "बस, यही चाहिए." मला त्या क्षणी विशेष काही वाटलं असं सांगता येणार नाही. माझे दंड भरून आले होते.

पुढचे काही महिने सरळ गेले. माझी कळ पोटरीतून मांडीपर्यंत आली, मग कमरेपर्यंत. ती मुलगी म्हणाली, ती वर सरकणं चांगलं लक्षण आहे. मी एकेक मणका उचलून कंबर वर न्यायला आणि तशीच खाली ठेवायला शिकले. वन्सं रबरी पट्टा दारात अडकवून हात ओढायच्या. जेवताना उजवा हात वापरायला लागल्या.

मग थंडीत नागपूरला पुतण्याचं लग्न निघालं. मी जाईन म्हणाले. गाडीत बसून राहणं, मग स्वागत समारंभात उभं राहणं, मग कार्यालयातल्या गादीवर झोपणं. परत आले ती ऑटोतून उतरतानाच ओरडले. कळ पुन्हा घोट्यापर्यंत गेली होती. मी पलंगावर पडले आणि पडूनच राहिले. मला खिडकीचे गज पुन्हा धरावे लागले. इतके दिवस केलेलं सगळं फुकट गेलं, असं मी वन्संना म्हणाले, आणि मला ते खरंच वाटत होतं.

वन्संनी त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, पडून राहू देऊ नका, पण छोटं-छोटं करवून घ्या. वन्संनी जमिनीवर सतरंजी घातली आणि म्हणाल्या, "या खाली."

"नाही जमत वन्सं."

"खाली येणं जमत नाही का परत उठणं?"

"दोन्ही."

"पहिले खाली या. उठाचं मग पाहू."

त्यांनी डावा हात दिला, मी पलंग धरून उतरले. त्या दिवशी आम्ही फक्त श्वास केला. दुसऱ्या दिवशी श्वास आणि कंबर किंचित हलवणं. त्या माझ्या शेजारी मांडी घालून बसायच्या आणि आज्ञा द्यायच्या. आवाज शाळेतलाच होता, पण शब्द त्या मुलीचे. "सोडा. आवळू नका. सोडा, वहिनी." मी चिडले तरी त्या पुन्हा "सोडा" म्हणायच्या. तीन-चार आठवडे गेले. कळ जशी उतरली होती तशी हळूहळू वर आली आणि कमरेत तिच्या जुन्या जागी जाऊन बसली. ती तिथेच आहे. ती जाईल असं मी आता धरून चालत नाही. ती कशानं चढते, कशानं उतरते, ते मला बऱ्यापैकी माहीत झालं आहे, आणि चढली की काय करायचं तेही. पूर्वी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वन्संचा हात कानापर्यंत जातो. त्यापुढे जात नाही. डॉक्टर म्हणतात आता एवढाच. वन्सं म्हणतात, पाहू.

तेव्हापासून वर्ग नसेल त्या सकाळी आम्ही घरीच करतो. घरातली सतरंजी विरली होती, वन्संची कोपरं टोचायची. रबरी मॅट त्यांना आवडत नाही, घामानं चिकटते म्हणतात. म्हणून मागच्या महिन्यात आम्ही नवी जाड सतरंजी, इकडे तिला दरी म्हणतात, घ्यायला गोल बाजारात गेलो. तिथे ऑटो आत जात नाही, चालावं लागतं. मी किती वर्षांनी गेले ते मला सांगता येणार नाही. दुकानदारानं एकावर एक दऱ्या उलगडून दाखवल्या. वन्सं चिमटीत धरून जाडी बघत होत्या. समाधान होईना. मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ त्या दरीवर उताण्या झोपल्या. गुडघे वर घेतले, तळपाय टेकले.

दुकानदार उडालाच. "माताजी! क्या हुआ? पानी लाऊं?"

"कुछ नहीं हुआ. देखने दो." त्यांनी कंबर थोडी दाबून पाहिली, कोपरं टेकवून पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीही पाहून घ्या. मग म्हणाल टोचून राहिली."

शेजारच्या दुकानातून दोन माणसं डोकावत होती. मी पर्स गल्ल्यावर ठेवली, काउंटर धरून आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा, मग कुशीवर होऊन त्यांच्या शेजारी झोपले. वर छतापर्यंत कापडाच्या गठड्या होत्या आणि पंखा फिरत होता. दरी चांगली होती.

"कशी आहे?" वन्संनी विचारलं.

"ठीक आहे. आपल्या सतरंजीपेक्षा जाड आहे."

"रंग?"

"रंग काय करायचा आहे?"

आम्हाला उठायला वेळ लागतो. आधी कुशीवर, मग हातावर, मग गुडघ्यावर, श्वास सोडत. दुकानदार वाकून हात पुढे करून उभा होता. वन्सं कुशीवर होता होता म्हणाल्या, "रहने दो भैया. हम लोग उठ जाते हैं."